घरासाठी ड्रिल मशीन: स्वस्तातलं की नावाजलेल्या कंपनीचं?

नवाफ्लॅट_मोशी:
नमस्कार मंडळी. मोशीत नवीन फ्लॅटचा ताबा मिळालाय. पडद्यांचे रॉड, टीव्हीचा स्टँड, देव्हारा, किचनमध्ये दोन फळ्या, बाल्कनीत कपडे वाळत घालायची पुली, एवढी कामं आहेत. पडदेवाला भोकामागे पैसे लावतोय, म्हणून म्हटलं मशीनच घेऊ. ऑनलाइन दीड हजारात ८५० वॅटचं मशीन आणि वर शंभर नगांची पेटी दिसतेय. नावाजलेल्या कंपनीचं ५०० वॅटचं त्याच्या दुप्पट, आणि सोबत काहीच नाही. कमी पैशात जास्त वॅट, हे गणित काय आहे? बाबा म्हणतात, वर्षातून चारदा लागणार, उगाच पैसे घालवू नकोस. फरशी-लोखंड कापायचा अँगल ग्राइंडरही घ्यावा का?

रिकामा_न्हावी:
बाबांचं ऐका. माझ्याकडे स्वस्तातलंच आहे. दिवाळीच्या आधी निघतं, परत माळ्यावर जातं. विटांच्या भिंतीला अजून तक्रार नाही.

वायंडिंगवाला_उद्यमनगर:
कोल्हापुरात उद्यमनगरात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळं मशीन मेल्यावरच माझ्याकडं येतं हे धरून वाचा.

वॅटचा आकडा म्हणजे मशीन लाईटीतून किती ओढतं तो. बिटाच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या दांडीच्या, टोकाला किती पोचतं ते खोक्यावर लिहीत नाहीत. आणि स्वस्त खोक्यावर तर आकडा छापायला शाई तेवढी लागते. वॅट सोडा, चक बघा, म्हणजे बिट धरणारा पुढचा जबडा. दुकानात लांबडा बिट लावून मशीन चालू करायला सांगा. टोक जागेवर फिरायला पाहिजे. टोक हवेत गोल काढत असंल तर ६ एमएमच्या बिटानं ७ चं भोक पडणार. मग स्क्रूसाठी ठोकलेला प्लास्टिकचा प्लग आत गरागरा फिरतो, स्क्रू कधीच आवळत नाही, आणि माणूस भिंतीला शिव्या घालतो.

दुसरं, कार्बन ब्रश, म्हणजे फिरत्या मोटरला करंट पोचवणारे कार्बनचे ठोकळे. ते झिजणारच, मशीन कुठलंही असो. काही मशीनला बाजूला टोपणं असतात, स्क्रूड्रायव्हरनं बाहेरनंच बदलता येतात. घ्यायच्या आधी तुमच्या भागातल्या रिपेअरवाल्याला विचारा: ह्या मॉडेलचा ब्रश, स्विच, आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) मिळतं का? बॉश, मकिटाच्या चालू मॉडेलचे पार्ट सहसा मिळतात. ऑनलाइन आलेल्या बिननावाच्या मशीनचं आर्मेचर जळलं की मी हात जोडतो. वायंडिंगची मजुरी मशीनच्या किमतीला भिडती.

शंभर नगांच्या पेटीचा मोह नको. त्यातल्या बिटाच्या टोकाचा कार्बाइडचा तुकडा काँक्रीटमध्ये गरम झाला की गळून पडतो. चांगल्या कंपनीचे ६ आणि ८ एमएमचे दोन मेसनरी, म्हणजे भिंतीचे, बिट घ्या, घराला बास.

आता मुद्द्याचं सांगा. तुमची बिल्डिंग मायवानची आहे काय?

नवाफ्लॅट_मोशी:
हो काका, बिल्डरने तसंच सांगितलंय. त्याने काय फरक पडतो?

वायंडिंगवाला_उद्यमनगर:
सगळाच. मायवान म्हणजे बहुतेक भिंती सळईसकट काँक्रीटच्या. तुम्ही बघताय तसल्या साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, आणि मागनं तुम्ही जितका जोर लावाल तितका ठोका बसतो. विटेला ते पुरतं. काँक्रीटमध्ये भोक पुढं सरकत नाही, म्हणून माणूस अंग टाकतो. मोटर मंद होती, तिच्यावरचा पंखाही मंद होतो, आणि कॉइल तापून वास सुटतो. माझ्याकडं येणारी निम्मी मशीनं अशीच असतात, महागडीसुद्धा.

काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्यात पिस्टन दाबलेल्या हवेनं ठोका देतो, तुम्ही फक्त धरायचं. २ ज्युलच्या ठोक्याचा घरी भरपूर झाला. बाबांना सांगा, विकत नको तर दोन दिवस भाड्यानं आणा, सगळ्या खोल्यांची भोकं एकदम पाडा. सळई लागली तर हट्ट करू नका, भोक बाजूला सरकवा.

ग्राइंडरचं मात्र स्वस्तात नको म्हणजे नकोच. चार इंची डिस्क मिनिटाला ११,००० च्या आसपास फिरती. गार्ड काढून वापरणारे कारागीर बघून शिकू नका, आणि लाकडाचं दातेरी पातं त्याला कधी लावू नका. लाईट गेली तर आधी स्विच बंद करा. बऱ्याच मशीनचा सरकता स्विच चालूच राहतो, आणि लाईट आल्यावर ग्राइंडर फरशीवरनं पळत सुटतो.

कुंडीतली_तुळस:
बॅटरीवाल्याकडे वळू नका एवढंच सांगते. मी फर्निचरचं काम करते, मला रोज लागतं, म्हणून परवडतं. माळ्यावर वर्षभर पडून राहिली की बॅटरी मान टाकते, आणि नवीन बॅटरीची किंमत ऐकून वायरवालं आठवतं.

नवाफ्लॅट_मोशी:
ठरलं. हॅमर भाड्याने आणतो, ग्राइंडर रद्द. फळ्या, स्क्रू यांसाठी वायरवालं ५०० वॅटचं, पुण्यात बोहरी आळीत जाऊन चक बघून घेतो. बिट दोन्हीला तेच चालतील ना?

वायंडिंगवाला_उद्यमनगर:
न्हाई. हॅमरला एसडीएस प्लसचे, मागं खाचा असलेले बिट लागतात, ते साध्या चकमध्ये धरत नाहीत. भाड्याच्या मशीनसोबत झिजलेले देतात, ६ आणि ८ चे स्वतःचे घेऊन जा. बाथरूमच्या टाइलला टाइलचा बिट वेगळा घ्या, आणि टाइल पार होईस्तोवर ठोका बंद ठेवा.