मदत हवी आहे: प्रेसवर दादाची तीन बोटं गेली, ठेकेदार स्टॅम्प पेपरवर सही मागतोय

नमस्कार. कामगार कायद्यातलं नीट माहीत असणाऱ्या कुणीतरी कृपया सांगा, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.

माझा दादा (वय ३५) ठेकेदारामार्फत एका कारखान्यात पॉवर प्रेसवर ऑपरेटर आहे. पगार २२,५०० रुपये, ओव्हरटाइम वेगळा. १८ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रपाळीत डायमधून (साच्यातून) जॉब (दाबलेला तुकडा) काढताना रॅम (वरून दाबणारा भाग) पुन्हा खाली आला आणि उजव्या हाताची तीन बोटं मुळापासून गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

या मशीनला आधी दोन हातांची बटणं होती. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही, त्यामुळे हात आपसूक डायच्या बाहेर राहतात. नोव्हेंबरात ऑर्डर वाढल्या तेव्हा सुपरवायझरने मेंटेनन्सवाल्यांकडून ती बटणं बंद करवून पायडल जोडून घेतलं. पुढची संरक्षक जाळीही तेव्हाच निघाली, जॉब काढायला वेळ लागतो म्हणून. रॅम कधी कधी डबल येतो, म्हणजे एकदा दाबल्यावर दोनदा खाली येतो, हे दादाने दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी. लेखी काही नाही.

दवाखान्यात सुपरवायझरच घेऊन गेला. वहिनी पोचली तोवर दादाला ऑपरेशनला नेलं होतं. नंतर पाहिलं तर केसपेपरवर ‘मोटरसायकलच्या चेनमध्ये हात अडकून’ असं लिहिलेलं. ऑपरेशनचं बिल कंपनीने दिलं, नंतरची ड्रेसिंग आणि औषधं आम्हीच केली.

आता ठेकेदार ८०,००० रुपये रोख देतोय. कागदावर मजकूर असा: माझ्या हलगर्जीपणामुळे इजा झाली, पूर्ण रक्कम मिळाली, यापुढे कंपनीकडे किंवा ठेकेदाराकडे कोणतीही मागणी नाही.

दादा सही करायला तयार आहे. ‘पायडलवर पाय माझाच होता ना’ एवढंच म्हणतो. चार दिवसांपासून वहीत डाव्या हाताने सही गिरवतोय, ते बघवत नाही.

चूक त्याची ठरली तर खरंच काही मिळत नाही का? आणि मागायचं कुणाकडे, ठेकेदाराकडे की कंपनीकडे? पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू नाही असं सांगतात.

सनद: सही करू देऊ नका. आज एवढं एकच केलंत तरी चालेल.

मी कामगारांच्या बाजूने असे दावे चालवते. ईएसआयसीची पगारमर्यादा २१,००० आहे हे खरं. पण त्याबाहेरच्या कामगाराच्या फेब्रुवारी २०२५ मधल्या अपघाताला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा लागू होतो (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली). या कायद्यात चूक कुणाची हा मुख्य प्रश्नच नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला का, एवढंच बघतात. हलगर्जीपणा म्हणून भरपाई नाकारता येत नाही. कामगार नशेत होता, किंवा त्याने जाणूनबुजून सुरक्षेचा नियम मोडला वा गार्ड काढला, असं मालकाने सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. इथे जाळी काढायला लावणारा तर त्यांचाच सुपरवायझर. त्या कागदात ‘हलगर्जीपणा’ शब्द कशासाठी घातलाय ते ओळखा.

हक्क सोडून देणारा करार कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. तरीही सही झाली की पुढे तेच कागद नाचवतात आणि वर्ष-दोन वर्षं त्यातच जातात.

हिशोब सांगते. पगार कितीही असला तरी १५,००० पर्यंतच धरतात, हे २०२० पासून. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. कायद्याच्या तक्त्यात वय ३५ चा गुणांक १९७.०६. गुणाकार १७,७३,५४०. एका हाताची तीन बोटं गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ३० टक्के कमी झाली असं धरलंय. म्हणजे ५,३२,०६२ रुपये. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च याशिवाय, म्हणून औषधांची बिलं एकही टाकू नका. देय झाल्यापासून महिन्याभरात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि सबळ कारणाशिवाय उशीर केला तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

कलम १२ मुळे ठेकेदाराला काम देणाऱ्या कंपनीकडेही मागता येतं. तिने ठेकेदाराकडून वसूल करायचं की नाही ते त्यांचं ते बघतील. दाव्याची मुदत अपघातापासून दोन वर्षं, आणि दादा राहतात त्या भागातल्या, या कायद्याखालचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडेही अर्ज करता येतो.

टूलरूम: ताई, हे दादांना वाचून दाखवा. मी २६ वर्षं प्रेस शॉपमध्ये काढली आहेत. जुन्या प्रेसमध्ये ‘रोलिंग की’ असते, म्हणजे फिरतं चाक रॅमच्या दांड्याला जोडणारी-सोडणारी खीळ. ती किंवा तिची स्प्रिंग झिजली तर स्ट्रोक पूर्ण होऊनही क्लच सुटत नाही आणि रॅम पुन्हा येतो. तेव्हा पायडलवरून पाय उचललेला असला तरी उपयोग नसतो. डबल येणारी प्रेस त्याच क्षणी बंद करून टॅग लावायची असते. ऑपरेटरने दोनदा सांगूनही ती चालू ठेवली, यात त्याचा काय दोष? उघडा धोकादायक भाग झाकणं हे अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम २१ खाली कारखान्याचं काम होतं. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे लेखी तक्रार द्या, आणि लवकर द्या. मशीनवर पुन्हा बटणं बसली की दाखवायला काही उरत नाही. त्या पाळीतल्या कुणाच्या मोबाईलमध्ये पायडल जोडलेल्या प्रेसचा फोटो आहे का विचारा.

सनद: केसपेपरबद्दल राहिलं. दवाखान्याकडे सगळ्या आतल्या नोंदींची प्रत लेखी मागा. माहिती कुणी दिली हे बऱ्याचदा त्यात असतं. रात्री ड्युटीवर असलेला माणूस त्याच वेळी मोटरसायकलची चेन लावत नव्हता, हे हजेरीवरून दिसेल.

मी (धागाकर्ती): दोघांचेही खूप आभार. दादाला सगळं वाचून दाखवलं. डबलचं ऐकून बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, ‘पाय उचलला होता मी.’ हे त्याने याआधी एकदाही सांगितलं नव्हतं. फोटो एका हेल्परकडे आहे, उद्या मिळेल. नोटीस आम्हीच मराठीत लिहिली तर चालेल का?

सनद: चालेल. जखमीचं नाव, पत्ता, अपघाताची तारीख आणि इजा कशाने झाली ते साध्या भाषेत, एवढंच कायदा मागतो. दादांनी आता सांगितलं तसंच लिहा, पाय उचलल्याचंही. कंपनी आणि ठेकेदार दोघांना स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह पाठवा, पोचपावती जपून ठेवा. खाली सही दादांचीच, डाव्या हाताची.