बायपासवर गेलेल्या बाळाला सेफाझोलिनचा दुसरा डोस कधी?

तापीकाठ (जळगाव): बाळ ८ किलोचं, व्हीएसडीला (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातल्या छिद्राला) पॅच. सेफाझोलिन (शस्त्रक्रियेत जंतुसंसर्ग टाळायचं अँटिबायोटिक) ३० मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे २४० मिग्रॅ. बायपासच्या पंपाचं (हार्ट-लंग मशीनचं) प्राइम, म्हणजे नळ्यांत आधीच भरलेला द्रव, ३५० मिली. पंप सुरू झाल्यावर परत द्यायचं की चार तास थांबायचं? आणि धडगाव-शहाद्याकडचे पालक घरी न्यायला 'पातळ औषध' (अँटिबायोटिकचं सिरप) मागतात, त्याचं काय?

पांझरा: आधी वजन. शिबिराच्या कार्डावरचं नको, त्याच सकाळी काट्यावर घ्या. ५०० मिग्रॅच्या व्हायलमध्ये पाणी घालून एकूण ५ मिली करा. १ मिलीत १०० मिग्रॅ, म्हणजे २.४ मिली. ३ ते ५ मिनिटांत सावकाश द्या आणि मागून सलाइनने लाइन धुवा, नाहीतर एवढ्याशा डोसातला बराचसा एक्स्टेंशनमध्येच (जोडनळीतच) राहतो.

वेळ इथेच चुकते. चीर देण्याआधीच्या ६० मिनिटांत डोस जायला हवा. वॉर्डातून देऊन पाठवलं आणि आर्टेरियल, सेंट्रल लाइन (धमनीत आणि मोठ्या शिरेत नळ्या) घालण्यात तास गेला, की संपलं. लाइन झाल्यावरच द्या. व्हॅन्कोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक मात्र वेगळं: १५ मिग्रॅ प्रति किलो, निदान तासभर चालवायचं, म्हणून दोन तास आधीपासून. घाईत दिलं तर अंग लाल होतं, बीपी पडतं. एमआरएसए (नेहमीच्या औषधांना न जुमानणारा जंतू) किंवा बीटा-लॅक्टमची (पेनिसिलिन, सेफाझोलिन या गटाची) खरी ॲलर्जी असेल तरच ते काढा.

केळीबाग: पंपाचा हिशेब असा. ८ किलोला रक्त साधारण ६०० मिली, त्यात ३५० मिली प्राइम: पातळी एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरते. नंतर ऊतकांतलं औषध थोडं परत येतं. औषधाला धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन, अल्ब्युमिनही पातळ झाल्याने मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो, त्यामुळे कागदावर दिसते तेवढी पडझड होत नाही. तीन किलोच्या नवजाताचं प्राइम त्याच्या रक्ताएवढं असतं, तिथे प्राइममध्येच डोस घालण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. युनिटने एक ठरवावं. भूलतज्ज्ञ आणि परफ्युजनिस्ट (पंप चालवणारा) दोघांनीही दिलं, असं होऊ नये. फळ्यावर वेळ लिहा.

चार तास पहिल्या डोसपासून मोजा, चिरेपासून नव्हे. रक्तस्राव फार झाला तर आधीच द्या. अल्ट्राफिल्ट्रेशन (पंपावर रक्तातलं जादा पाणी गाळून काढणं) मोकळं औषध ओढून नेतं, म्हणून ते संपताना चार तास भरतच आले असतील तर तिथेच उरकून घ्या. पण प्रोटामिनसोबत (हेपारिनचा असर उतरवणारं औषध) नको. बीपी पडलं तर दोष कोणाचा, कळणार नाही. थंड केलेल्या किंवा मूत्रपिंड मंदावलेल्या बाळात औषध रेंगाळतं, तिथे डोसावर डोस नकोत.

पांझरा: दिवसांचं राहिलं. २४ तास, फार तर ४८. ड्रेन (छातीतली निचऱ्याची नळी) आहे म्हणून चालू ठेवायचं नाही. छाती उघडी ठेवली असेल तर सर्जनला विचारा. घरी पातळ औषध नाही, टाके कोरडे ठेवायचे. पॅच बसवल्यावर सहा महिने मात्र दात काढायचा, हिरडीला हात लावायचा झाला तर अर्धा ते एक तास आधी अमॉक्सिसिलिन ५० मिग्रॅ प्रति किलो, एकदाच, जास्तीत जास्त २ ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या भाऊ, तिकडच्या दाताच्या डॉक्टरला तेच दाखवतील.