शनिवारचा सिनेमा: रिप्ली लावायचा, पण कुठला?

काकू बी-२०३: मंडळी, शनिवारी संध्याकाळी ७ वाजता क्लब हाऊसमध्ये ‘द टॅलेंटेड मिस्टर रिप्ली’. १९९९ चा, अँथनी मिंगेलाचा. मॅट डेमन, ज्यूड लॉ, ग्विनेथ पॅल्ट्रो. पाठलाग, गोळीबार असलं यात काही नाही. इटलीचा किनारा, सुट्टीवर आलेली तरुण मंडळी, आणि त्यातल्या एकाच्या मनात काय शिजतंय ते फक्त आपल्याला दिसतं.

दादा सी-१०२: काकू, याच गोष्टीवरची नेटफ्लिक्सची मालिका लावू या ना! २०२४ ची, अँड्र्यू स्कॉटची. जवळजवळ अख्खी ब्लॅक अँड व्हाइट, एकेक फ्रेम बघत राहावी अशी.

काकू बी-२०३: ८ भाग आहेत रे तिचे, एका संध्याकाळी कसे होणार? आणि मला या गोष्टीत ऊन हवंच. टॉम, म्हणजे हा रिप्ली, न्यूयॉर्कमध्ये कसेबसे दिवस ढकलणारा पोरगा. एक श्रीमंत बाप त्याला खर्च देऊन इटलीला धाडतो, का तर माझ्या मुलाला, डिकीला, समजावून घरी आण. टॉम तिथे पोचतो तर निळंशार पाणी, स्वतःची होडी, जॅझ, दुपारभर लोळणं. ते आपल्याला हवंहवंसं वाटलं तरच टॉमला थेट डिकीच व्हावंसं का वाटलं ते पटतं. रंग काढून घेतले की ती भूल पडत नाही.

ताई बी-५०२: खून आहे ना यात? माझी मुलगी १३ ची आहे, आणली तर चालेल?

काकू बी-२०३: नको गं. होडीतला प्रसंग फार अंगावर येतो. अमेरिकेतही याला ‘आर’ प्रमाणपत्र होतं, म्हणजे १७ खालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा.

काका ए-४०१: वहिनी, निवड छान. पण १९६० चा फ्रेंच चित्रपटही लोकांना माहीत हवा, रेने क्लेमाँचा, अ‍ॅलन देलाँ असलेला. मूळ कादंबरी पॅट्रिशिया हायस्मिथची, १९५५ ची. १९५२ मध्ये ती इटलीत पोझितानोला उतरली होती. सकाळी लवकर हॉटेलच्या बाल्कनीतून तिला एक तरुण दिसला, खांद्यावर टॉवेल टाकून रिकाम्या किनाऱ्यावर एकटाच चाललेला. हा कोण, इथे एकटा काय करतोय, या कुतूहलातून पुढे टॉम रिप्ली उभा राहिला. फ्रेंच चित्रपट देखणा आहे, पण त्यांनी शेवट बदलला. विकायला काढलेली होडी पाण्याबाहेर ओढतात आणि तिच्या मागे तारेत गुंतलेलं प्रेत येतं. हायस्मिथला तो शेवट पसंत नव्हता, मलाही नाही. गुन्हेगाराला पकडून दिलं की प्रेक्षक सुटतो. तिला प्रेक्षकाला सोडायचंच नव्हतं.

ताई बी-५०२: अहो काका, शेवट नका ना सांगू!

काका ए-४०१: शनिवारच्या चित्रपटाचा शेवट कादंबरी आणि फ्रेंच चित्रपट, दोन्हींपेक्षा वेगळा आहे. तो नाही सांगत.

ताई बी-५०२: मला एक कळत नाही. धडधाकट माणूस नाहीसा होतो आणि इतके दिवस कुणाला पत्ताच नाही?

काकू बी-२०३: म्हणून तर ही गोष्ट परदेशातल्या सुट्टीतच घडू शकते. काळ १९५० च्या दशकाचा. घरचे अटलांटिकच्या पलीकडे. खुशाली पत्राने कळणार, पैसे सहीवर मिळणार. टाइपरायटरवर चार ओळी लिहून खाली डिकीची सही केली की घरच्यांच्या लेखी डिकी जिवंत! हॉटेलवाल्याने खरा डिकी कधी पाहिलेलाच नाही, तो पासपोर्ट बघतो आणि किल्ली देतो. त्यामुळे टॉम एका ठिकाणी डिकी म्हणून राहतो, दुसरीकडे टॉम म्हणून. धोका फक्त दोघांनाही ओळखणाऱ्यांचा. डिकीचा मित्र फ्रेडी माइल्स दारात येऊन उभा राहतो तेव्हा आपला जीव टांगणीला लागतो, आणि मग ध्यानात येतं की आपण खुन्याची काळजी करतोय. माझ्या मते या गोष्टीची खरी भीती ती आहे.

दादा सी-१०२: हेच मालिकेत जास्त ताकदीने येतं, काकू! फ्रेडीचा खून क्षणात होतो, पण निस्तरायला रात्र जाते. प्रेत खाली न्यायचं, रक्त पुसायचं, आणि इमारतीतली मांजर सगळं बघत बसलेली. बराच वेळ संवाद नाही. मी खुर्चीतून हललो नव्हतो.

काकू बी-२०३: ते मान्य, अगदी मान्य. पण स्कॉट चाळिशी उलटलेला, आणि कादंबरीतला टॉम २५ चा. पंचविशीतल्या मुलाला अजून कुणीतरी व्हायचं असतं, त्याची हाव समजते. चाळिशीतला टॉम मुरलेला ठग वाटतो.

शनिवारी आरशाचा प्रसंग नीट बघा. डिकी घरात नाही, टॉम त्याचा कोट चढवून गाण्यावर नाचतोय, आणि डिकी दारात. टॉम आरशाच्या मागे सरकतो, नुसतं डोकं दिसतं. डिकी आरडाओरडा करत नाही, माझे कपडे काढ एवढंच सांगतो. त्याच्या चेहऱ्यावर किळस आहे, आणि ती टॉमला दिसते. सहलीला नेहमी एक खर्च करणारा असतो आणि एक त्याच्या जिवावर आलेला. खर्च करणाऱ्याला कंटाळा आला की दुसऱ्याला जागाच उरत नाही. सान रेमोची सफर डिकीच्या मनाने निरोपाची आहे. डिकीला आपला कंटाळा आलाय हे टॉमला होडीत, तोंडावर कळतं.

ताई बी-५०२: काकू, आता मी नक्की येणार. मुलीला आजीकडे ठेवते.

दादा सी-१०२: काका, पुस्तक आहे का तुमच्याकडे?

काका ए-४०१: आहे, इंग्रजी प्रत. शनिवारी घेऊन येतो. पण चित्रपट बघून मगच वाच. पुस्तकातला डिकी चित्रं काढतो, आणि तीही सुमार. सॅक्सोफोन मिंगेलाने त्याच्या हाती दिला. हा बदल मला मूळ गोष्टीपेक्षाही आवडतो, कारण दुसऱ्याचा सूर चोरता येत नाही हे टॉमला लगेच कळतं.

काकू बी-२०३: मग शनिवारी चित्रपट. त्यानंतरच्या रविवारपासून मालिका, दर वेळी २ भाग. दादा, ती जबाबदारी तुझी. सबटायटल लाव रे, बरेच संवाद इटालियनमध्ये आहेत.

दादा सी-१०२: लावतो काकू. आणि हॉलचे दिवे पूर्ण बंद ठेवायचे हं, नाहीतर त्या जिन्यांवरच्या सावल्या दिसणारच नाहीत.