कॅथलिक शाळेतलं रिकन्सिलिएशन: पोरांची 'वैयक्तिक वाढ' कशाला मोजायची?

मिसिसागाकर: मुलगी इथे कॅनडात कॅथलिक हायस्कूलला अकरावीत आहे (आम्ही हिंदू, पण ऑंटारिओत या शाळा सरकारी पैशावर चालतात आणि हायस्कूलला कुणालाही घेतात). ३० सप्टेंबरला सगळे नारिंगी शर्ट घालून गेले, आता धर्माच्या तासाला निबंध आलाय, आदिवासींशी रिकन्सिलिएशन (झालेला अन्याय मान्य करून सलोखा) शिकताना तुझी वैयक्तिक वाढ कशी झाली. मला हे जाम खटकलं. आदिवासींची दीड लाख पोरं आईबापांपासून तोडून रेसिडेन्शियल स्कूलमध्ये (सरकारी पैशावर चर्चनं चालवलेल्या निवासी शाळांत) टाकली, स्वतःची भाषा बोलली की मार, त्यातल्या निम्म्याहून जास्त शाळा कॅथलिक मंडळींच्या, आणि त्याच चर्चच्या शाळेत आमच्या पोरीनं लिहायचं की मी किती घडले? दुसऱ्याच्या सुतकात स्वतःचा सत्कार झाला हा.

वसईची_पोर: मी कॅथलिक, मूळची वसईची, आता ब्रॅम्प्टनला सप्लाय टीचर (बदली शिक्षिका). मग काय, शिकवूच नये? या शाळांची चौकशी करणाऱ्या ट्रुथ अँड रिकन्सिलिएशन कमिशनच्या २०१५ च्या ९४ मागण्यांत ६२ वी हीच आहे, बालवाडी ते बारावी हा इतिहास सक्तीनं शिकवा. आणि ६३ व्या मागणीत मुलांमध्ये सहानुभूती, परस्परांबद्दल आदर वाढवा असं सरळ म्हटलंय. म्हणजे वाढीचं खूळ चर्चनं काढलेलं नाही, आदिवासींचं ऐकून घेणाऱ्या कमिशननंच मागितलंय.

मिसिसागाकर: अहो इतिहास शिकवा की, तेच तर म्हणतोय. पोरीनं लिहिलंय "मी जास्त कृतज्ञ झाले". ब्राइस नावाच्या सरकारी डॉक्टरनं १९०७ मध्येच रिपोर्ट दिला होता की या शाळांत पोरं क्षयानं मरतायत, तरी १९२० मध्ये कायदा करून सक्ती आणली, यातलं तिला काहीच माहीत नाही. जिच्यावरून ही नारिंगी शर्टाची प्रथा पडली त्या आदिवासी फिलिस वेबस्टॅडचा शर्ट १९७३ मध्ये अशाच शाळेत काढून घेतला, तेव्हा ती सहा वर्षांची होती, हे तिला पाठ आहे. पण ती शाळा, सेंट जोसेफ मिशन, कॅथलिक होती हे कॅथलिक शाळेत कुणी सांगितलं नाही!!

रोखठोक_नाना: २०२१ ला कॅमलूप्सच्या जुन्या रेसिडेन्शियल स्कूलजवळ २१५ कबरी म्हणून जगभर बोंब झाली, ते जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारवरचे अंदाज होते, खोदून काही काढलेलं नाही. पोरांना उगाच अपराधी वाटायला लावतात.

वसईची_पोर: नाना, कॅमलूप्स बाजूला ठेवा. या शाळांत मेलेल्या ४,१०० हून जास्त मुलांची नोंद कागदपत्रांतून झालीय, त्याला रडार लागत नाही.

हिशेबनीस: वाढ वगैरे ठीक, पैशाचं बोला. या शाळांतून गेलेल्यांच्या भरपाईच्या २००६ च्या करारात कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर जमवायला जमेल तेवढे प्रयत्न करू म्हटलं, जमले चाळीस लाखांच्या आत, आणि २०१५ ला कोर्टातून सुटले. २०२१ ला बोंब झाल्यावर बिशपांनी तीन कोटींचा शब्द दिला. पोप फ्रान्सिसनी जुलै २०२२ मध्ये कॅनडात मस्क्वाचीसला येऊन माफी मागितली, पण अनेक ख्रिश्चनांनी केलेल्या पापाची, चर्चनं संस्था म्हणून केलेल्याची नाही, अशी टीका खुद्द कमिशनचे अध्यक्ष मरे सिंक्लेअर यांनी केली. मोठे असे निसटणार आणि सोळा वर्षांच्या पोरीनं आत्मपरीक्षण करायचं?

वसईची_पोर: पैशाचं शंभर टक्के मान्य, चर्चमधला मास (प्रार्थना) झाल्यावर आम्हीही यावर भांडतो. पण बिशपनी शब्द पाळला नाही म्हणून वर्गातल्या पोरांनी विचारच करायचा नाही हे कुठलं लॉजिक? पोरीला म्हणावं निबंधात हेच लिही. ज्या शहरात घर घेतलंत त्याला मिसिसागा या आदिवासी लोकांचं नाव आहे आणि इथले ते लोक आज हॅगर्सव्हिलजवळच्या रिझर्व्हवर (आदिवासींसाठी राखलेल्या जमिनीवर) राहतात, हेही येऊ दे त्यात. कृतज्ञ नाही, चिडले म्हणावं, चिडणं ही पण वाढच.

रोखठोक_नाना: आणि मार्क कापले तर?

वसईची_पोर: मी तपासला असता तर उलट जास्त दिले असते. पण सगळ्या टीचरचं सांगता येत नाही, म्हणून रुब्रिक (मार्क कशाला किती ते ठरवणारा तक्ता) आधी मागून घ्या आणि ६३ व्या मागणीचा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात टाका.