मदत हवी आहे: अमेरिकन नकाशा, ब्रिटिश छप्पर. वासे कसे जुळवायचे?

उतरत्या छपराचा एक अमेरिकन नकाशा ब्रिटिश नियमांत बसवतोय. वासे 24 इंचांच्या अंतरावर, म्हणजे जवळपास 610 मिमी. ब्रिटनमध्ये तयार कैच्या साधारण 600 मिमीवर असतात. इथवर ठीक. (उतार 12 ला 6, म्हणजे आडव्या 12 ला उभे 6, असा लिहिलाय, तो सुमारे 26.6 अंश निघाला. सरळ अंशच लिहायचे ना!)

अडचण वजनाची आहे. नकाशात वाशांवर प्लायवूड आणि वर डांबरी शिंगल्स आहेत. मला रिपांवर काँक्रीटची कौलं घालायचीत, ती कितीतरी जड. मग वाशाचा छेद (रुंदी-उंचीचं माप) तोच कसा चालेल? शिवाय आढ्याची फळी नुसती वासे टेकायला असेल, तर भिंतींना बाहेर ढकलणारा रेटा खालच्या आडव्या तुळयांनीच घ्यायचा ना? युरोकोड 5 (लाकडी बांधकामाचं युरोपीय मानक) प्रमाणे असा हिशेब कुणी केलाय का? सुरुवात कुठून केलीत?