क्वीन, फिअर्स आणि हातातून गेलेला 2026: पेलिकन्सच्या नव्या पोरांना मोजायचं कसं?

सकाळचा_प्रेक्षक

एनबीएचा 2025-26 मोसम, आपले न्यू ऑर्लिन्स पेलिकन्स: 25 सामने, 3 विजय. कोच विली ग्रीन 2-10 (2 विजय, 10 पराभव) वर असतानाच घरी गेला, स्टार झायन नेहमीप्रमाणे जखमी. आणि अशात 8 डिसेंबर 2025 ला आमच्या नवख्या सेंटर डेरिक क्वीनने स्पर्सविरुद्ध 33 पॉइंट, 10 रिबाउंड, 10 असिस्ट काढले. मॅच 135-132 ने गेलीच. पण तेव्हापासून दोनच गोष्टी वाचायला मिळताहेत. एक, पोरगा पुढचा योकिच (डेन्व्हरचा, पास देण्यात पटाईत सेंटर) आहे. दोन, टीमप्रमुख जो ड्यूमार्सने राहतं घर विकून गाडी घेतली. दोन्ही मला पटत नाहीत, म्हणून हा धागा.

ज्यांनी जूनमधला ड्राफ्ट (टीमनी क्रमाने नवे खेळाडू निवडणं; निवडीचा हक्क म्हणजे पिक) पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 7 व्या क्रमांकावर आपण ओक्लाहोमाचा जेरेमाया फिअर्स घेतला, तेव्हा वय 18. तो स्वतःच्या पिकवर, कर्ज न काढता. मग 23 वरून 13 वर उडी मारून क्वीन घ्यायला अटलांटाला 23 वा पिक दिला आणि वर 2026 चा पहिल्या फेरीचा पिक, अनप्रोटेक्टेड. म्हणजे तो पहिल्या क्रमांकावर आला तरी परत मागायची सोय नाही. शिवाय आपला आणि मिलवॉकीचा यांपैकी जो वर येईल तो हॉक्सचा. 23 वा तरी कुठून आला होता? ब्रँडन इन्ग्रम टोरांटोला देऊन इंडियानाचा 2026 चा पिक मिळाला होता, तो इंडियानालाच परत करून. तेही इंडियाना फायनल्स खेळत असताना! काही दिवसांतच, 22 जूनला, सातव्या मॅचमध्ये इंडियानाच्या स्टार हॅलिबर्टनची अकिलीस (टाचेची शीर) तुटली आणि त्या पिकचा भाव कुठल्या कुठे वर गेला.

माझं म्हणणं एवढंच की खेळाडूचं माप वेगळं काढा आणि सौद्याचं वेगळं. 13 व्या जागेवर क्वीन म्हणजे घबाड. फिअर्स अजून कच्चा, पण त्याच्या वयाला शोभतो. सौदा मात्र जूनमध्ये वाईट होता आणि क्वीनने उद्या 50 टाकले तरी वाईटच राहील, कारण सौदा ठरला तेव्हा हातात काय माहिती होती यावरच तो तोलायचा. 21-61 चा मोसम संपवलेल्या टीमने पुढच्या वर्षीचा पिक उघडा ठेवायचा नसतो. त्यात 2026 च्या ड्राफ्टला डिबान्सा, पीटरसन, बूझर रांगेत उभे आहेत हे शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं.

बेंचवरचा_बाब्या

+1. ड्यूमार्स म्हटल्यावर मला फक्त 2003 आठवतं. डेट्रॉइटचा कारभारी असताना दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच घेतला. मागे कार्मेलो, बॉश, वेड हे पुढचे स्टार शिल्लक.

भाऊसाहेब_नागपूरकर

डार्को काढला का बाप्पा! मग पुढच्याच वर्षी, 2004 ला, त्याच ड्यूमार्सच्या डेट्रॉइटने लेकर्सला हरवून किताब घेतला तेही लिहा ना. 2002 ला 23 व्या क्रमांकावर टेशॉन प्रिन्स त्यानेच उचलला होता. तो माणूस लुईझियानाचा आहे, मॅकनीझ स्टेटला खेळलेला, 1989 चा फायनल्स एमव्हीपी. त्याला बास्केटबॉल कळत नाही असं म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

आता मुद्द्याचं. मी पोरांना शिकवतो, तेव्हा मला आकड्यांपेक्षा पाय दिसतात. क्वीनचे पाय बघा. कंबाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत) उडी आणि चपळाई दोन्हींत तो तळाला होता, वजन अडीचशे पाउंडांच्या आसपास. असा माणूस स्वतःच्या बास्केटखाली रिबाउंड घेतो आणि पॉइंट गार्डकडे बॉल न देता स्वतः घेऊन निघतो. अर्धं मैदान ओलांडलं की वेग कमी करतो, वाढवत नाही! समोरचा सेंटर मागे सरकतो, हा खांदा लावतो, अंगावर आलं की वळतो, आणि दुसरा डिफेंडर मदतीला हलला रे हलला की कोपऱ्यात आपला शूटर ट्रे मर्फीच्या हातात बॉल. हे शिकवून येत नाही. उंच पोरांना मी वर्षानुवर्षं "ड्रिबल नको, दे" म्हणून ओरडत आलो, कारण शंभरात एकालाच ते जमतं. हा तो एक आहे. त्यासाठी एक पिक गेला तर गेला.

अनुराधा_ह्यूस्टन

सकाळचा_प्रेक्षक, तुमचं "माप वेगळं, सौदा वेगळा" ऐकायला गोड आहे, पण टीमला क्वीन फुकटात मिळाला नाही ना? चॅम्पियनशिपच्या हिशेबात पानावर एकच ओळ असते: काय दिलं, काय मिळालं. मी रॉकेट्सवाली. आमच्याकडे 2021 ला असंच झालं. 16 व्या क्रमांकावरचा शेंगुन घ्यायला आम्ही ओक्लाहोमाला पहिल्या फेरीचे दोन पिक दिले. तोही धीमा, तोही उडत नाही, त्याच्या डिफेन्सवरही असंच बोललं गेलं. 2025 ला ऑल-स्टार. पण ते दोन्ही पिक प्रोटेक्टेड होते, म्हणजे फार वर आले तर द्यायचे नाहीत! आमच्या मॅनेजर स्टोनने खेळाडूवर पैज लावली, स्वतःच्या घरावर नाही. सगळा फरक त्या एका शब्दात आहे.

आणि 33-10-10 च्या रात्री समोर स्पर्सचा उंच स्टार वेंबान्यामा (वेंबी) नव्हता, हे कुणीच का लिहीत नाही? तो पोटरीच्या दुखापतीने बाहेर होता.

भाऊसाहेब_नागपूरकर

ताई, वेंबी नव्हता हे खरं. झायन पण नव्हता.

लॉटरीचा_गणिती

"अनप्रोटेक्टेड" शब्द ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळा येतोय, म्हणून जरा आकडे बघू. ड्राफ्टमध्ये वरचे पिक कुणाला, हे हरलेल्या टीममध्ये चिठ्ठ्या टाकून ठरतं, तीच लॉटरी. 2019 पासून नियम असा की तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकची समान संधी, 14 टक्के. चिठ्ठ्या पहिल्या चार जागांच्याच निघतात. सगळ्यात वाईट रेकॉर्ड असलेल्या टीमला पहिल्या चारांत येण्याची शक्यता 52.1 टक्के, आणि उरलेल्या 47.9 टक्क्यांत थेट पाचवा नंबर. म्हणजे पेलिकन्स शेवटचे आले तरी जवळपास अर्ध्या वेळा अटलांटाला पाचवा पिक मिळेल. गेल्या मोसमात आपण तळापासून चौथे होतो आणि लॉटरीत सातव्यावर घसरलो, तेव्हाच फिअर्स घ्यावा लागला. डॅलसने 1.8 टक्क्यांवर पहिला पिक, म्हणजे कूपर फ्लॅग नेला.

तेव्हा "हॉक्सना डिबान्सा दिला" असं लिहू नका. "हॉक्सना डिबान्सासाठी 14 टक्के दिले" असं लिहा.

बेंचवरचा_बाब्या

गणिती शेठ, 2011 ला क्लिपर्सनेही हेच म्हटलं असणार. बॅरन डेव्हिसचा करार गळ्यातून काढायला त्यांनी क्लीव्हलँडला अनप्रोटेक्टेड पिक दिला. शक्यता होती 2.8 टक्के. निघाला पहिला. कायरी अर्व्हिंग.

आणि डार्कोवरून आठवलं. तो दुसरा पिक मुळात डेट्रॉइटचा नव्हताच. ग्रिझलीजने 1997 ला ओटिस थॉर्पसाठी दिला होता, फक्त पहिला आला तरच परत असं प्रोटेक्शन ठेवून. सहा वर्षांनी तो दुसरा आला. म्हणजे दुसऱ्याच्या अशाच चुकीवर मजा मारलेला माणूस आज स्वतः तीच करतोय.

अनुराधा_ह्यूस्टन

टक्केवारीचं ठीक आहे, पण गणिती, तुम्ही एक बाजू सोडलीत. पिक हातात असलेल्या टीमला वाईट मोसमात निदान सांत्वन असतं. मार्चमध्ये मर्फीला विश्रांती द्या, फिअर्सला पस्तीस मिनिटं सोडा, हरा, पुढे बघा. न्यू ऑर्लिन्सला हरूनही काही मिळत नाही. प्रत्येक पराभव अटलांटाच्या खात्यात जमा. मग अंतरिम कोच बोरेगो काय करणार? जिंकायला म्हणून जुन्या खेळाडूंना मिनिटं देणार की पोरांना वाढवणार? ही ओढाताण नव्या पोरांच्या अंगावर येते. ड्राफ्टचं माप काढताना हे धरायचं नाही?

सकाळचा_प्रेक्षक

अनुराधाताई, उलट मला वाटतं पोरांना हे बरं आहे. मुद्दाम हरणाऱ्या टीममध्ये वाढलेल्या खेळाडूंना चौथ्या क्वार्टरची सवयच लागत नाही. इथे निदान दर रात्री जिंकायचा प्रयत्न होतो. जमत नाही ती गोष्ट वेगळी.

पण या सगळ्यात फिअर्स कुठे गेला? धागा दोघांवर आहे.

कोर्टसाइड_कोल्हापूर

मी लिहितो फिअर्सवर, कारण माझ्या मते या दोघांत जास्त धोका तिथे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. क्वीनची किंमत मोठी म्हणून सगळे त्याला जोखताहेत. कॉलेजात फिअर्सचा तीनचा शॉट 28 टक्क्यांच्या आसपास पडायचा आणि टर्नओव्हर (गमावलेले बॉल) असिस्टच्या जवळ जायचे. पहिलं पाऊल मात्र असलं की बस्स. स्क्रीन (सहकाऱ्याने डिफेंडरची वाट अडवणं) आली की नाही ते न बघता तो निघतो, रिंगपर्यंत जातो, पडतो, फ्री थ्रो मिळवतो. अडचण ही की लीगला हे कळलंय. डिफेंडर स्क्रीनच्या खालून जातो, लांबून मार म्हणतो, आणि हा तरीही गर्दीत घुसतो. अंगावर मांस नाही, प्रत्येक धडकेला चार फूट उडतो.

आता गंमत अशी की फिअर्स आणि क्वीन दोघांनाही बॉल हातात लागतो. झायन परतला की तिसरा. जॉर्डन पूल चौथा. डेजॉन्टे मरे अकिलीसमधून बरा झाला की पाचवा! बॉल एकच. ड्यूमार्सने दोन चांगले खेळाडू घेतले असतील, पण एकमेकांसाठी घेतले का? माझा आक्षेप पिकवर नाहीच, या जोडणीवर आहे.

आणि आपल्या सेंटर मिस्सीचं काय केलंत? 2024 ला 21 वा आलेला पोरगा, ऑल-रुकीच्या (मोसमातल्या सर्वोत्तम नवख्यांच्या) दुसऱ्या संघात निवडला गेला, ब्लॉक करतो, धावतो. क्वीन नोव्हेंबरपासून सुरुवातीच्या पाचात आल्यावर तो बाकावर बसला. क्वीन सेंटरला असला की समोरचे गार्ड सरळ रिंगवर येतात. हलायला वेळ लागतो त्याला. पिक-अँड-रोलमध्ये मागे थांबला तर समोरून शॉट, पुढे आला तर पाठीमागून लॉब (डोक्यावरून रिंगजवळ टाकलेला पास).

भाऊसाहेब_नागपूरकर

कोल्हापूरकर, हा खरा बास्केटबॉलचा मुद्दा. माझं उत्तर: दोघांना एकत्र खेळवा. मिस्सी रिंगखाली सेंटर (पाच), क्वीन पॉवर फॉरवर्ड (चार). हल्ल्यात क्वीन वरून पास देईल, मिस्सी मागून कापत जाईल. शूटिंग कमी पडेल, मान्य. पण 4-5 वर शूटिंग आणि डिफेन्स दोन्ही हवंय म्हटलं तर वेंबीच आणावा लागेल.

फिअर्सचं म्हणाल तर 19 वर्षांच्या गार्डला डिसेंबरात नापास करणं म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. पहिल्या फेरीच्या पोराचे दोन वर्षांचे पैसे पक्के, मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा पर्याय टीमच्या हातात. दोन वर्षं दिलीच आहेत लीगने, आपण पंचवीस मॅचही देत नाही.

लॉटरीचा_गणिती

ड्राफ्टला आयपीएलच्या लिलावासारखं वाचू नका, हे मला सगळ्यांनाच सांगायचंय. इथे पैशाने कुणी वर बोली लावू शकत नाही, पगार क्रमांकानुसार ठरलेला. चलन एकच, पुढचे पिक. म्हणून पिक खर्च करणं पाप नाही. याच फ्रँचायझीला 2019 चा पहिला पिक मिळाला, झायन. 2021-22 ला एकही मॅच नाही, गेल्या मोसमात 30. उलट हर्ब जोन्स 35 वा, मर्फी 17 वा, दोघेही 2021 चे. आणि 8 वा आलेला डायसन डॅनियल्स आपण अटलांटाला दिला, तिथे तो लीगचा सर्वाधिक सुधारलेला खेळाडू ठरला. पिकचा नंबर बघून रडायचं की हसायचं ते या क्लबच्या चाहत्यांनी तरी सोडून द्यावं.

अनुराधा_ह्यूस्टन

डॅनियल्सचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं! अटलांटाशी व्यवहार करू नये हाच त्याचा अर्थ.

नवशिका_सातारा

मी यंदाच बघायला लागलो. भारतातून ड्राफ्ट झालेलं कुणी आहे का?

भाऊसाहेब_नागपूरकर

सतनाम सिंग, 2015, डॅलस, 52 वा. एनबीएची एकही मॅच नाही मिळाली. विषयांतर झालं, पुढे चला.

कोर्टसाइड_कोल्हापूर

सकाळचा_प्रेक्षक, तुम्हाला सरळ विचारतो. आज अटलांटाचा फोन आला: क्वीन द्या, तुमचा 2026 परत घ्या. देणार?

सकाळचा_प्रेक्षक

नाही. पण या प्रश्नाने सौदा पास होत नाही. मार्चमध्ये कॉलेजच्या मॅचमध्ये कोलोरॅडो स्टेटविरुद्ध शेवटच्या चार सेकंदांत डावीकडून घुसून बोर्डला लावून जो शॉट त्याने टाकला (ट्रॅव्हल होतं म्हणणाऱ्यांनी आता तरी सोडा), तो सगळ्या लीगने पाहिला होता. तरी तो 13 पर्यंत घसरला, म्हणजे बाजारात त्याची मागणी तेवढीच होती. अशा वेळी घेणाऱ्याने ताणून धरायचं असतं. पहिल्या चारांत आला तर आमचा, एवढं एक वाक्य कागदावर मागायचं. हॉक्स नाही म्हणाले तर फोन ठेवायचा.

कोर्टसाइड_कोल्हापूर

फोन ठेवला असता तर 14 वा पिक कुणाचा होता बघा. सॅन अँटोनिओ. परवाचे 33 आपल्याच अंगावर पडले असते, आणि बाजूला वेंबी.