काय सांगताय! सातारा-सांगलीच्या इतिहासात लागलेल्या ठेचा

सांगलीच्या आयर्विन पुलाची एक गोष्ट मी दोन वर्षं लोकांना रंगवून सांगत होतो. पूल बांधणाऱ्या इंग्रज कंपनीचं लंडनहून पत्र आलंय म्हणे, ‘पुलाला शंभर वर्षं झाली, आता आमची जबाबदारी संपली.’ वडापच्या जीपमध्ये ऐकली होती, मला फार आवडली होती. एकदा जेवताना सांगितली, तर सातवीतली मुलगी म्हणाली, “बाबा, पूल 1929 चा ना? मग शंभर कशी झाली?” भाकरी हातातच राहिली. नंतर निरनिराळ्या गावच्या माणसांकडून आपापल्या पुलाबद्दल हेच पत्र ऐकलं. लंडनमध्ये एक कारकून निव्वळ ही पत्रं टाकायलाच बसवलेला असणार.

म्हणून हा धागा: सातारा-सांगलीच्या इतिहासातली, तुम्हाला चकित करून गेलेली खरी गोष्ट सांगा. नुसती माहिती टाकू नका, ती तुम्हाला कुठे आणि कशी भेटली तेही सांगा. फॉरवर्ड आलेलं नको. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं पदक आणि विष्णुदास भाव्यांचं 1843 चं ‘सीता स्वयंवर’ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ आहे, तेव्हा तेही नको.

सुरुवात मी करतो. एका दाखल्यासाठी सांगलीच्या गणेशदुर्ग किल्ल्याच्या बाजूला हेलपाटे घालत होतो. तिसऱ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले. बाकड्यावर शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी तंबाखू मळता मळता तटाकडे बोट केलं, “दादांनी हितनं उडी टाकली.” कुठले दादा? तर वसंतदादा. 24 जुलै 1943, सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह पळाले. खंदकात उड्या, मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबा जाधव त्यात गेले. दादांना गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. मला दादा माहीत ते साखर कारखान्याचे, मुख्यमंत्री झालेले, पांढऱ्या टोपीतले. पंचविशीतला पोरगा तटावरून खाली बघतोय, हे चित्र डोक्यात कधी आलंच नव्हतं. दाखला त्या दिवशीही मिळाला नाही.

सातारा, निवृत्त शिक्षिका

माझा धाकटा भाऊ प्रतापसिंह हायस्कूलचा. त्याच शाळेत 7 नोव्हेंबर 1900 ला एका मुलाचं नाव घातलं गेलं. रजिस्टरला 1914 नंबर, नाव भिवा रामजी आंबेडकर. हे साताऱ्यात बहुतेकांना ठाऊक असतं, 7 नोव्हेंबरला विद्यार्थी दिनही होतो. मला ठेच लागली ती पुढच्या गोष्टीला.

माझी चुलत बहीण मसूरला दिलेली. त्या स्टेशनवर मी किती वेळा उतरले असेन, मोजदाद नाही. बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलंय की 1901 मध्ये वडिलांना भेटायला निघालेली ही भावंडं याच मसूरला उतरली. घ्यायला कुणी आलेलं नाही. ‘आम्ही महार’ म्हणाल्याबरोबर स्टेशनमास्तर मागे सरला. बैलगाडी मिळाली ती दुप्पट भाड्याने, तीही अशी की मुलांनी गाडी हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. डबा बरोबर होता, पण प्यायला पाणी मिळेना म्हणून रात्र उपाशी काढली. मी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला आणि हे वाचलं निवृत्तीनंतर. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, “आपल्या मसूरला?” आणि बराच वेळ काही बोललीच नाही.

आटपाडी

मी आटपाडीकर, तवा आमच्याच भाषेत लिवतो. ल्हानपनी म्हसरं घिऊन स्वतंत्रपूरच्या कडंनं जायचो. तितं कैदी ऱ्हात्यात हे ठावं हुतं, पन भ्या कुनालाच वाटायचं न्हाई. बायकापोरं संगट, शेती करत्यात, बेड्या न्हाईत का गजाची खोली न्हाई. आमच्या आईनं त्यांच्या मळ्यातनं मेथीच्या पेंड्या आनल्यात. आमाला वाटायचं समद्याच गावाला असा तुरुंग आसतोय.

फुडं पुण्यात कामाला लागलो. रूमवरच्या पोरांनी एका रात्री ‘दो आँखें बारह हाथ’ लावला. सा कैदी, एक जेलर, माळावर शेती. मी म्हनलं, “आरं ह्ये तर आमच्या रानातलं हाय!” पोरं हसली. मग मीच हुडकलं. औंध संस्थानानं 1939 ला ही वसाहत काडली, कल्पना मॉरिस फ्रीडमन नावाच्या पोलंडच्या इंजिनेराची. त्यावरनंच शांतारामबापूंनी 1957 ला पिच्चर केला. आनि गोष्ट लिवली कुनी? ग. दि. माडगूळकरांनी. माडगूळ आमच्याच तालुक्यात! पोरांचं हसू तवा बंद झालं.

औंध, आता मुंबई

आटपाडीकर दादा, तुमच्या गोष्टीला माझी पुस्ती. त्याच फ्रीडमनचा औंधच्या राज्यघटनेतही हात होता. 1939 साली आमच्या राजानं, म्हणजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, आपण होऊन सत्ता पंचायतींकडे सोपवली. स्वातंत्र्याला अजून आठ वर्षं होती. गांधीजींचाही या घटनेला सल्ला होता.

पण माझी ठेच निराळी आहे. पाचवीत सहल गेली यमाईच्या डोंगरावरच्या म्युझियममध्ये. गावातल्या गावात सहल, त्यामुळे सगळं लक्ष भेळेवर. तिथे आई आणि मूल अशी एक मूर्ती होती. नाकडोळे धड नाहीत, अंग सगळं गोल गोल. मी मैत्रिणीला म्हटलं, “मजुरी दिली नसेल, कारागीर अर्धवट टाकून गेला बघ.” बारा वर्षांनी मुंबईत कला महाविद्यालयात सर पडद्यावर हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची कामं दाखवत होते. एकेक चित्र सरकतंय आणि माझ्या पोटात गोळा. तासानंतर सरांना म्हटलं, “सर, यांचं एक शिल्प आमच्या गावात आहे.” ते म्हणाले, “कुठल्या गावात?” औंध म्हटल्यावर त्यांना पुण्याचं औंध वाटलं. खटाव तालुका समजावून सांगेपर्यंत पुढचा तास सुरू झाला.

खंडाळा (जिल्हा सातारा, लोणावळ्याजवळचं नव्हे)

थोडक्यात सांगतो. महाबळेश्वर इंग्रजांना हवं होतं, ते साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांच्या मुलखात. 1829 च्या सुमाराला अदलाबदल झाली, महाराजांनी महाबळेश्वर दिलं आणि बदल्यात आमचं खंडाळा घेतलं. मला हे सासऱ्यांनी सांगितलं, लग्नानंतर पहिल्यांदा महाबळेश्वरला निघालो तेव्हा. म्हणाले, “जावईबापू, तिथं हॉटेलवाल्यानं भाडं जास्त सांगितलं तर म्हणा, हे आमच्या गावाच्या बदल्यात गेलंय.” मी खरंच म्हणून बघितलं. सवलत मिळाली नाही.

मिरज

आमचं आडनाव शिकलगार. लहानपणी शाळेत याचा अर्थ विचारला तर बाई म्हणाल्या, “तलवारींना धार लावणारे.” घरी तर सगळीकडे भोपळे टांगलेले! तलवार औषधालाही नाही. मला वाटलं बाई चुकल्या.

बाई बरोबर होत्या. आमच्यातले पूर्वज हत्यारं घडवायचे, पाजळायचे. इंग्रजी अंमल बसला, हत्यारांचं काम गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी सतारी-तंबोऱ्यांकडे हात वळवला. मिरजेचे तंबोरे तेव्हापासूनचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले.

तलवार आणि तंबोरा यांचा मेळ मला लागला तो चुलत्यांना जवारी काढताना बघून. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा टेकतात, तो माथा कानशीनं इतका बारीक घासायचा की तार जराशी चाटून गेली पाहिजे, तरच तो भरलेला नाद येतो. दोन हात घासायचं, तार छेडायची, कान लावायचा, परत कानस. एक हात जास्त पडला तर घोडी वाया. मी म्हटलं, “काका, हे तर धार लावण्यासारखंच झालं.” काका म्हणाले, “त्येच हाय. आधी कापायचं, आता वाजतंय.”

मिरज, दुसरे

वरच्या शिकलगार भावांच्याच गावचा मी. गायक उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब कैरान्याचे, 1937 मध्ये देह ठेवला तो दक्षिणेत सिंगपेरुमाळकोइल नावाच्या स्टेशनात, आणि दफन मिरजेत, मीरासाहेबांच्या दर्ग्यात. मी रेल्वेत होतो. एकदा चेन्नईकडे जाताना खिडकीतून ती पाटी दिसली आणि उगाच हात जोडले. समोरच्या बाईंना वाटलं देऊळ आहे, त्यांनीही जोडले.

कोरेगाव

आमच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन होतं, त्यावर ठसठशीत ‘कूपर’. मला ती विलायती कंपनी वाटायची. ती निघाली आमच्याच तालुक्यातल्या सातारा रोड गावची! आणि मालक धनजीशा कूपर, साताऱ्याचे पारशी, 1937 मध्ये मुंबई इलाख्याचे पहिले प्रधानमंत्री. तेव्हा मुख्यमंत्र्याला तेच म्हणत.

(मीच, धागा काढणारा)

कोरेगावकर, पुलाच्या पत्रानं मला दुधानं तोंड पोळल्यासारखं झालंय, म्हणून तुमचं ताकही फुंकून प्यायलो. बरोबर आहे. निवडणुकीत काँग्रेस मोठी होती, पण राज्यपालांच्या अधिकारांवरून तिनं आधी सत्ता घ्यायला नकार दिला. मधल्या एप्रिल ते जुलै एवढ्या काळात कूपरांचं मंत्रिमंडळ होतं, मग बाळासाहेब खेर आले. साडेतीन महिने का होईना, पहिला मान साताऱ्याचा.

वाई

मेणवलीच्या घाटावर नाना फडणविसांच्या वाड्यामागे छोट्या देवळात मोठी घंटा आहे. आम्ही पोरं पोहून आलो की ओल्या हातानं तिला टोले द्यायचो. एकदा आजोळचा मामेभाऊ आला, तो वसईचा, ख्रिस्ती शाळेत शिकणारा. घंटेजवळ गेला आणि म्हणाला, “अरे, ही मेरी आहे!” बाळाला घेतलेली बाई आम्ही रोज बघत होतो, आमच्या लेखी ती यशोदा होती. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई जिंकली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा इकडे आल्या, त्यातली ही एक. मामेभाऊ आता दर वेळी म्हणतो, “आमची घंटा कधी देताय?”

पाटण, वय 69

मुलीनं टाइप करून दिलंय. 11 डिसेंबर 1967, पहाटे सव्वाचार वाजून गेलेले. मी अकरा-बारा वर्षांची. आधी आवाज आला, जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा. मग उतरंडीची मडकी एकामागून एक फुटली. आजीनं मला परकराला धरून अंगणात ओढलं. भिंत पडली ती मी निजले होते त्याच वाकळेवर. सकाळी कळलं, कोयनानगर भुईसपाट.

माझ्या आजीनं त्याच दिवशी सांगितलं होतं, “धरणात येवढं पाणी अडवलंय, भुईला वजन झालं.” सगळे तिला हसले. वडीलपण हसले. पुढे कितीतरी वर्षांनी नातवानं सांगितलं की जगभरचे शास्त्रज्ञ या भूकंपाचा अभ्यास करतात, जलाशयामुळे भूकंप होतात याचं मोठं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात, आणि कऱ्हाडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे. म्हटलं, आधी तुझ्या खापरपणजीला विचारायचं होतं.

आटपाडी (परत)

मावशी, तुमच्या आजीचं वाचून अंगावर काटा आला. औंधच्या ताई, ती अर्धवट मूर्त बगायला येतोय पुढच्या आयतवारी, म्युझियम किती वाजता उघडतंय?

औंध, आता मुंबई

दादा, वेळ भावाला विचारून कळवते. भेळ तेवढी खाऊन या.